जाळ्यात आला अनोळखी मासा



गेल्या वर्षी आमच्या बचत गटाने तलावात जाळं ओढलं, तर कटला-रोहूंमध्ये एक भलताच मासा निघाला. दोन-अडीच हात लांब आणि तोंड थेट सुसरीसारखं! कुणी म्हणालं, सुसरीचं पिल्लू. कुणी म्हणालं, मरळीचीच एखादी जात. एक वहिनी तर विळी घेऊन बसल्याही. गाभोळी निघाली तर पोरांना तळून देऊ, म्हणाल्या. थोरल्या काकूंनी त्यांचा हात धरला. "ओळख पटल्याशिवाय चुलीवर काही चढायचं नाही," एवढंच बोलल्या. त्यांचंच बरोबर ठरलं.

फोटो मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवला तेव्हा कळलं, हा ॲलिगेटर गार. मूळचा उत्तर अमेरिकेतला, मिसिसिपी नदीच्या बाजूचा. शहरात काचेच्या टाकीत ठेवायला याची छोटी पिल्लं विकतात. पण हा वाढतो किती? २०११ साली मिसिसिपी राज्यात सापडलेला एक मासा सुमारे १४८ किलोचा होता! टाकीत मावेना, की मालक त्याला तळ्यात सोडून मोकळा होतो. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरातही साफसफाई करताना हा मासा सापडला होता.

आता खुणा नीट ऐका.

पहिली खूण तोंडाची. जबडा लांब, रुंद, दातांनी भरलेला. आपल्याकडेही लांब चोचीचा एक मासा असतो, पण त्याची चोच सुईसारखी बारीक आणि तो फूटभराचाच.

दुसरी खूण खवल्यांची. शंकरपाळ्यासारखे चौकोनी, हाडासारखे टणक खवले, एकमेकांना घट्ट बसलेले. रोहूचे खवले सुरीने भराभर निघतात, याचे निघत नाहीत.

तिसरी खूण पाठीवरच्या पराची. रोहूचा पर पाठीच्या मध्यावर असतो. याचा पार मागे, शेपटीजवळ.

तिन्ही खुणा जुळल्या तर सावध व्हा. एकट्या दातांवरून मात्र ठरवू नका. मरळही दातांची आणि शिकारी, पण ती आपली. तिचं अंग गोल, डोकं सापासारखं आणि पाठीवरचा पर लांबलचक.

सगळ्यात महत्त्वाचं, गारची अंडी माणसाला विषारी असतात. ती खाऊ नका, कोंबड्या-मांजरांनाही घालू नका. आणि हा मासा पाण्यावर तोंड काढून हवाही घेतो. पाणी आटलं, गढूळ झालं, तरी तग धरतो. आपण पैसे मोजून सोडलेली बोटुकली त्याच्या पोटात जातात, ते नुकसान वेगळंच.

मग करायचं काय? मासा परत पाण्यात सोडायचा नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचे, एक पूर्ण अंगाचा, एक तोंडाचा, एक शेपटीकडचा. कुठे, कधी सापडला ते गटाच्या वहीत लिहायचं आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवायचं. शहरातल्या भाच्या-पुतण्यांनाही सांगा, टाकीतला मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, आमच्या तळ्यात आणू नका.

त्या वहिनी आता दर वेळी जाळं ओढताना आधी माशाचं तोंड बघतात. तुम्हीही बघा.