वाचकाचा कान
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ग्रंथालयाच्या वाचनकक्षात भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. त्या पाटीखाली बसलेला वाचक डोळ्यांनी वाचतो, हाताने पान उलटतो, आणि कानाला तेवढा वेळ रजा मिळालेली असते, असा सर्वांचाच समज असतो. भाषेने मात्र कानाचा मान पूर्वीपासून राखलेला आहे. ज्याचे ज्ञान चौफेर आहे त्याला मराठीत ‘बहुश्रुत’ म्हणतात. म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या प्रारंभी मागणी केली ती श्रोत्यांच्या अवधानाची. कित्येक शतके ग्रंथ हा एकाने वाचावा आणि अनेकांनी ऐकावा असाच होता. परंतु या व्याख्यानाचे सांगणे त्याहून थोडे पुढचे आहे. मुकाट्याने, मनातल्या मनात वाचणाऱ्या माणसाचाही कान क्षणभर स्वस्थ बसत नाही. आणि तो बसलाच, तर डोळे शाबूत असूनही अक्षर हाती लागत नाही.

याची प्रचीती घरबसल्या घेता येते. छापील पान हातात स्थिर धरावे आणि ‘नाही, नाही’ म्हणताना हलवतो तशी मान भराभर डावी-उजवीकडे हलवीत ते वाचावे. अक्षरे स्पष्ट दिसतात. आता मान स्थिर ठेवून तेच पान तितक्याच वेगाने हलवावे. अक्षरे पुसट होऊन एकमेकांत मिसळतात. डोळे तेच, पान तेच, वेगही तोच. मग हा फरक कोठून आला? पान हलते तेव्हा डोळ्यांना ते पाहून त्याच्यामागे धावावे लागते आणि त्यात सुमारे दशांश सेकंद जातो. मान हलते तेव्हा मात्र डोळ्यांना काही पाहावे लागत नाही. मान कोणत्या बाजूला आणि किती वेगाने वळली याची वर्दी आतला कान परस्पर देतो आणि सुमारे शतांश सेकंदात डोळे तितकेच उलट दिशेला वळतात. चालताना दुकानाची पाटी वाचता येते, आगगाडीच्या हेलकाव्यांत कादंबरी वाचता येते, ती या व्यवस्थेमुळे.

ही व्यवस्था बंद पडली तर काय होते, याचा एक विलक्षण वृत्तांत 1952 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लिहिणारा स्वतः वैद्य होता आणि त्याने नावाऐवजी फक्त आद्याक्षरे दिली होती. गुडघ्याच्या क्षयासाठी त्याला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने दिली गेली. 1943 साली अमेरिकेत सापडलेले हे औषध क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध होते आणि त्याने जगभर, भारतातही, असंख्य जीव वाचवले. या वैद्याच्या बाबतीत मात्र त्या औषधाने दोन्ही कानांतील तोल सांभाळणारी इंद्रिये निकामी केली. त्याला अंथरुणात पडल्या पडल्यासुद्धा वाचता येईना. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोक्याला जो किंचित हिसका बसतो, तेवढ्यानेही पानावरील अक्षरे उडू लागत. शेवटी पलंगाच्या उशाकडील दोन लोखंडी गजांमध्ये डोके घट्ट बसवून तो वाचू लागला. पुढे तो हिंडूफिरू लागला, तरी रस्त्यावरची पाटी वाचायची असली की त्याला थांबावेच लागे.

निरोगी माणसाचे डोकेही प्रत्येक ठोक्याला असेच हलत असते. त्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण कान ती चूक त्याच्या नकळत दुरुस्त करीत असतो.

आता हा आतला कान कसा आहे ते पाहू. कानामागील भागातील कवटीचे हाड शरीरातील अत्यंत टणक हाडांपैकी एक आहे. त्याच्या पोटात द्रवाने भरलेल्या नाजूक वाटांचा एक चक्रव्यूह आहे. त्याच्या एका भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींना काटकोनात भेटतात, साधारण तशी त्यांची मांडणी असते. म्हणून मान कोणत्याही दिशेला वळली तरी निदान एका नलिकेला ते कळतेच. पाण्याने भरलेला तांब्या झटकन फिरवला तर तांब्या फिरतो, पण पाण्यावर तरंगणारे तुळशीचे पान क्षणभर जागीच राहते. डोके वळले की नलिकेतील द्रवही असाच मागे रेंगाळतो आणि वाटेतील एका लवचिक पडद्याला वाकवतो. त्या पडद्यात रुतलेल्या सूक्ष्म केसांसारख्या तंतूंच्या पेशी, म्हणजे केशपेशी, ती वाकण मज्जातंतूला कळवतात. फुगडी थांबल्यावरही जग गरगरत राहते त्याचे कारण हेच. पाय थांबलेले असतात, पण नलिकेतील तो पडदा पूर्ववत व्हायला अवकाश लागतो.

नलिकांशेजारी दोन लहान पिशव्या असतात. त्यांतील केशपेशींवर एक मऊ थर आणि त्या थरावर चुनखडीच्या जातीचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. लिफ्ट वर निघाली, गाडी सुरू झाली किंवा मान एका बाजूला कलली की हे जड स्फटिक सरकतात आणि वर कोठे, खाली कोठे, याची जाणीव मिळते.

इतके महत्त्वाचे इंद्रिय असूनही माणसाला त्याची ओळख फार उशिरा झाली. कान टवकारणे, कानावर हात ठेवणे, एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देणे, हे सारे वाक्प्रचार ऐकण्याचे आहेत. ‘तोल गेला’ म्हणताना मात्र कोणाच्याही मनात कान येत नाही; दोष पायाला तरी लागतो, नाहीतर स्वभावाला. वैद्यकाचेही तसेच होते. भोवळ हा मेंदूतील रक्ताधिक्याचा विकार मानला जाई. पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 साली प्रथम ठामपणे मांडले की भोवळीचे मूळ आतल्या कानातही असू शकते. पुढे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणी यांनी रुग्णांचे कान धुताना एक गोष्ट हेरली. पाणी गार असले तर चक्कर येऊन डोळे एका दिशेने झटके देतात आणि गरम असले तर उलट दिशेने. या निरीक्षणातून आतल्या कानाची तपासणी करण्याची पद्धत निघाली. त्यांना 1914 सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते महायुद्धातील कैदी म्हणून रशियात होते.

या ज्ञानाचा उपयोग आज घरोघरी आहे. अंथरुणात कूस बदलताना किंवा मान वर करून फडताळातील डबा काढताना काही क्षण जोराची भोवळ येते, ही तक्रार उतारवयात फार आढळते. पित्ताचे किंवा रक्तदाबाचे नाव घेऊन ती सहन केली जाते. पुष्कळदा तिचे कारण एवढेच असते की वर सांगितलेले स्फटिक जागा सोडून नलिकेत शिरलेले असतात. जाणकार डॉक्टर रुग्णाला निजवून, त्याचे डोके ठरावीक क्रमाने वळवून ते स्फटिक पुन्हा पिशवीत आणतात. अमेरिकेतील जॉन एप्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्रियेला काही मिनिटे लागतात आणि अनेकांना तेवढ्यानेच उतार पडतो.

तोलाकडून ऐकण्याकडे वळताना दूर जावे लागत नाही. त्याच चक्रव्यूहाच्या दुसऱ्या टोकाला गोगलगाईच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची नळी आहे. वैद्यकात तिला कॉक्लिया म्हणतात. ती उलगडली तर सुमारे 35 मिलिमीटर भरेल. तिच्यातही द्रव आहे आणि त्याच जातीच्या केशपेशी आहेत. अडचण अशी की हवेतला ध्वनी पाण्यावर पडला तर त्याची जवळजवळ सर्व शक्ती परत फिरते. नदीत बुडी मारणाऱ्याला काठावरची हाक ऐकू येत नाही ती यामुळेच. ही अडचण मधला कान दूर करतो. कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे साखळीने जोडलेली आहेत. लोहाराच्या भात्याजवळची आणि घोडेस्वाराच्या पायाखालची ही नावे आकारावरून पडली आहेत. रिकीब हे शरीरातील सर्वांत लहान हाड. त्याचे वजन तीन मिलिग्रॅमच्या आसपास. पडद्याचा कंप पावणारा भाग रिकिबीच्या तळापेक्षा सुमारे 17 पट मोठा आहे. मोठ्या पृष्ठावरचा जोर लहान पृष्ठावर एकवटला की दाब वाढतो, आणि हाडांच्या तरफेची भर पडून तो 20 पटींहून अधिक होतो. एवढ्या दाबाने आतला द्रव हलतो.

द्रवात उठलेली लाट कॉक्लियातील एका पट्टीवरून धावते. उंच स्वरांची लाट पट्टीच्या आरंभीच सर्वांत उसळते, तर खर्जाची लाट थेट टोकापर्यंत जाते. गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत व्यक्तींच्या कानांवर प्रयोग करून हे दाखवले. त्यासाठी त्यांना 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे कानात प्रत्येक स्वराची जागा ठरलेली आहे. एका कानात केशपेशी असतात सुमारे 15 हजार. त्यांपैकी मेंदूला प्रत्यक्ष बातमी देणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास. उरलेल्या त्या हालचालीला बळ देतात. अगदी क्षीण आवाजाने त्यांच्या तंतूंत होणारी हालचाल अणूच्या व्यासाच्या आसपास असते.

हे सारे भांडवल माणूस जन्मापूर्वीच घेऊन येतो. पक्ष्यांमध्ये मेलेल्या केशपेशींच्या जागी नव्या येतात, हे 1980 च्या दशकात सिद्ध झाले. माणसाच्या कॉक्लियात गेलेली केशपेशी परत येत नाही. ती जाण्याची कारणेही उघड आहेत. स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातील काही औषधे तोल, तर काही श्रवण बिघडवतात. अशी इंजेक्शने चालू असताना कानात गुणगुण सुरू झाली किंवा पाय डगमगू लागले, तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगितले पाहिजे. दुसरे कारण गोंगाट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंतच निर्धोक आहे, आणि दर तीन डेसिबलांमागे ही मुदत निम्मी होते. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकाच्या भिंतीसमोर ही मुदत किती उरत असेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

तिसरे कारण वय. त्याचा घाला बहुधा प्रथम उंच स्वरांच्या जागेवर पडतो. स, श, फ, त, क यांसारखी व्यंजने त्याच उंच भागातील. आ, ओ, ऊ हे स्वर खालचे. म्हणून वृद्ध माणसाला आवाज येतो, पण शब्द लागत नाही. साल की शाल, पाठ की काठ, हे कळत नाही. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ हे घराघरांतले वाक्य शरीरशास्त्राच्या दृष्टीने अक्षरशः खरे आहे. अशा वेळी घरची मंडळी ओरडून बोलतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात आणि व्यंजने होती तेथेच राहतात. वर वृद्धाला वाटते की सगळे आपल्यावर रागावले आहेत. जवळ जाऊन, समोर तोंड करून, सावकाश आणि स्पष्ट बोलणे हाच त्यावरचा उपाय.

पुढचा टप्पा अधिक दुःखद आहे. भलते उत्तर गेले की लोक हसतात, म्हणून माणूस बोलणे कमी करतो. विनोदावर इतरांच्या मागोमाग हसतो. मग व्याख्यानाला येणे सोडतो. पुस्तके तो अजून नेतो. पण सभागृहातील त्याची नेहमीची खुर्ची रिकामी दिसू लागते आणि ‘वयोमानाने जमत नसेल’ असे म्हणून सगळे तिची समजूत घालतात. लॅन्सेट आयोगाने 2017, 2020 आणि 2024 च्या अहवालांत बहिरेपणाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींमध्ये केली आहे. ही रिकामी खुर्ची, म्हणूनच, हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

चाळिशी लागली की माणूस चष्मा करून घेतो आणि तो नाकावर मिरवतोही. कानाचे यंत्र मात्र लपवतो किंवा पेटीत ठेवून देतो. यंत्र घेतल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या पावलांचाही आवाज कर्कश वाटतो. मेंदूला त्यांची नव्याने ओळख व्हावी लागते. तेवढा धीर न धरल्याने पुष्कळ यंत्रे पडून राहतात. ग्रंथालयाने मोठ्या टायपातील पुस्तके ठेवावीत असे सर्वांना वाटते. तसेच ध्वनिक्षेपक नीट असावा, वक्त्याच्या तोंडावर उजेड असावा, पहिल्या दोन रांगा कमी ऐकणाऱ्यांसाठी राखाव्यात, हेही वाटले पाहिजे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही.

शंभर वर्षांत या ग्रंथालयाने डोळ्यांसाठी पुष्कळ केले. पुढील शतकात त्याच्या सभागृहातील एकही खुर्ची कानामुळे रिकामी राहू नये. आज घरी जाताना ज्याला आपल्या शेजारची अशी एखादी खुर्ची आठवेल, त्याने उद्या त्या घरी जावे, समोर बसावे आणि सावकाश बोलावे.