धार आणि मऊपणा



इतवारीच्या केशकर्तनालयात गिऱ्हाईक म्हणते, "आजचे पाते मऊ चालले." त्याला वाटते, आपण धारेची स्तुती केली. परंतु धार आणि मऊपणा हे दोन निराळे गुण होत. कड किती बारीक, ही झाली धार. ती केसांतून व कातडीवरून किती कमी ओढ घेत जाते, हा मऊपणा. १९६०च्या दशकाच्या आरंभी पात्यांच्या कडेवर टेफ्लॉनसारख्या द्रव्याचा अतिसूक्ष्म थर देऊ लागले, तो ही ओढ कमी करण्यासाठीच. केस भिजून नरम झाले, की तेच पाते आणखी मऊ लागते.

मग केसाहून सुमारे ५० पट कठीण असलेले पोलाद बोथट का व्हावे? २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखविले, की वाकलेला केस कडेच्या कमकुवत जागी भिडला, तर तेथला टवका उडतो.

आता महत्त्वाचे सांगतो. दुसऱ्यावर वापरलेले पातेही आपल्या गालाला मऊ लागू शकते. परंतु 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरतो, आणि डोळ्यांना न दिसणारे रक्तही त्याला पुरते. गाल ओढ ओळखतो. विषाणू ओळखत नाही. पूर्वी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घाशीत; त्याने धार परत येई, शुद्धता नव्हे. म्हणून वस्तऱ्यात नवे पाते आपल्यादेखत बसवून घ्यावे. ते मागण्यात संकोच कसला?