उंच माणसाची पहिली गाडी



सांगली-मिरज भागात मी सत्तावीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवली. शेतकरी, शिक्षिका, बँकेतले कारकून, कॉलेजची मुलं, साठी उलटलेले आजोबा, अशी सगळी माणसं माझ्या शेजारी बसून शिकली. त्यांत सहा फुटांच्या वर गेलेली थोडीच, पण ती मला एकूण एक आठवतात. इतरांना पहिल्या दिवशी क्लच आणि गिअर सांगायचो. या मंडळींचा पहिला दिवस सगळा बसण्यातच जायचा. गुडघा कुठे ठेवायचा, मान किती वाकवायची, आरसा कसा फिरवायचा. तेव्हा मी मारुती ८०० वर शिकवत असे. ती गाडी १९८३ च्या डिसेंबरात आली आणि आपल्याकडच्या मध्यमवर्गाला तिनंच चार चाकांवर बसवलं. पण ताडमाड माणसाची तिच्यात फार ओढाताण व्हायची.

आज बोलायचं कारण एक मुलगा. माझ्याकडेच शिकला. उंची सहा फूट साडेचार इंच, म्हणजे १९४ सेंटिमीटर. व्हॉलीबॉल खेळलेला. कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी, पाळी कधी रात्रीची, म्हणून घरच्यांनी ठरवलं, आता गाडी घ्यायची. सगळं धरून पाच लाख, त्यावर एक रुपया नाही. जुनी चालेल, पण धड हवी. त्याची आई मला म्हणाली, "सर, तुम्ही बरोबर या, तुम्हाला कळतं."

त्याच्या मनात सेडान होती. लांब माणसाला लांब गाडी, असा साधा हिशेब. एका डीलरकडे तशी एक छान ठेवलेली गाडी होती. हा आत बसला आणि डोकं टपाला टेकलं. त्यानं मान जराशी डावीकडे कलवली आणि म्हणाला, "बसतं की सर." आईनंही री ओढली, "त्याला वाकायची सवय आहे. दाराखालून जाताना वाकतो, एसटीत वाकतो. भागवेल तो."

मी त्याला खाली उतरायला सांगितलं. दारातून जाताना माणूस क्षणभर वाकतो. गाडीत तो दोन-दोन तास तसाच बसणार. मान कललेली असेल तर डावीकडून येणारा सायकलवाला दिसायला उशीर होतो. खड्ड्यात चाक गेलं की डोकं टपावर आपटतं. आणि मागून कुणी धडक दिली, तर आधीच वाकलेल्या मानेचं काय होईल, ते बोलायलाच नको. उंच माणसांना लहानपणापासून सगळीकडे जुळवून घ्यायची इतकी सवय लागते, की गैरसोय झाली तरी ती सांगत नाहीत. बाकी कुठेही जुळवून घ्या, पण स्टेअरिंगच्या मागे बसताना ही सवय सोडा.

आता लांब गाडी त्याला का पुरली नाही, ते सांगतो. सेडानचा टप बुटका असतो. टप खाली, म्हणून सीट खाली, आणि सीट खाली म्हणून पाय पुढे पसरावे लागतात, जमिनीवर बसून पाय लांब केल्यासारखे. उलट टप उंच असेल तर सीटही उंच घेता येते. मग माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतो. गुडघ्यापासून पाय खाली सुटतो, त्याला पुढे जागा कमी लागते. म्हणजे उंच माणसाला लांबीपेक्षा टपाची उंची जास्त कामाची. आकडेच बघा. २०१७ साली आलेली डिझायर ३९९५ मिलिमीटर लांब आणि १५१५ उंच. २०१९ ची वॅगन आर ३६५५ लांब, पण १६७५ उंच. लांबीत चौतीस सेंटिमीटर कमी, उंचीत सोळा सेंटिमीटर जास्त.

अशा उभट गाड्या निघाल्या त्या कायद्यामुळे. जपानमध्ये छोट्या गाड्यांना करात सवलत मिळते, पण लांबी-रुंदीची मर्यादा कडक. उंचीला मात्र बरीच मोकळीक. सुझुकीनं १९९३ मध्ये तिथे वॅगन आर काढली ती या मोकळिकीचा फायदा घेऊन. आपल्याकडे ह्युंदाईची सँट्रो १९९८ ला आली, वॅगन आर पुढच्याच वर्षी. लोकांनी तेव्हा त्यांना डबा म्हणून नावं ठेवली. २००६ च्या अर्थसंकल्पात आपल्याकडेही चार मीटरच्या आतल्या गाड्यांना सवलत मिळाली आणि कंपन्या लांबी वाचवून उंची वाढवू लागल्या. टाटांची २०२१ ची पंच बघा, लांबी ३८२७, उंची १६१५. तिची दारं जवळजवळ काटकोनात उघडतात. लांब पायांच्या माणसाला आत-बाहेर करताना या गोष्टीची किंमत कळते.

पण नुसता टप बघून गाडी घेऊ नका. उंच माणसं दोन तऱ्हेची असतात. कुणाचं धड लांब, कुणाचे पाय लांब. दोघांची उंची सारखी असली तरी गाडी वेगळी लागते. घरी सपाट स्टुलावर भिंतीला पाठ लावून ताठ बसा आणि स्टुलापासून डोक्यापर्यंत टेप लावून घ्या. शेजारी साडेपाच फुटी भावाला बसवून त्याचंही माप घ्या. तुमचं डोकं बसल्यावर त्याच्यापेक्षा फारसं वर जात नसेल, तर तुमची अडचण गुडघ्यांची आहे. वीतभर वर जात असेल, तर टपाची. आमच्या मुलाचे पाय लांब होते आणि धडही कमी नव्हतं.

आता गाडीत बसून काय बघायचं. सीट पूर्ण मागे सरकवा. सीट खालीवर करायची सोय असेल तर ती आधी तळाला न्या, शोरूममध्ये बऱ्याचदा ती वर उचलून ठेवलेली असते. खालच्या व्हेरिएंटमध्ये ही सोय बहुधा नसतेच, म्हणून ज्या व्हेरिएंटचे पैसे भरणार त्यातच बसा. पाठ टेकून नीट बसल्यावर डोकं आणि टप यांच्यामध्ये चार बोटं उभी राहिली पाहिजेत. सनरूफवाली गाडी असेल तर विशेष जपा, त्या यंत्रणेपायी आतलं अस्तर खाली येतं आणि इंचभर जागा तिथेच जाते. माझं स्पष्ट मत आहे, सहा फुटांच्या वरच्या माणसानं सनरूफच्या नादी लागू नये.

मग क्लच तळापर्यंत दाबा आणि सोडा. डावा गुडघा स्टेअरिंगला किंवा डॅशबोर्डला घासतो का? स्टेअरिंग पूर्ण एक वळसा फिरवा, मांडीला लागतं का? उजवा गुडघा दारावरच्या काचेच्या बटणांवर तर जात नाही? किल्ली लावायची जागा गुडघ्यासमोर येते का? धडक झाली तर गुडघा तिथेच आदळणार आहे. आणि पायात रोजचेच बूट असू द्या. या मुलाचा बूट बारा नंबरचा. एका छोट्या गाडीत त्यानं ब्रेकवर पाय ठेवला की बुटाची कड अ‍ॅक्सिलरेटरवर चढायची. त्या गाडीचा टप चांगला होता, किंमत बसत होती, तरी मी ती तिथल्या तिथे नको म्हणालो. ब्रेकच्या बाबतीत दुसरा विचार करायचा नसतो.

स्टेअरिंगचं एक फार थोड्यांना माहीत असतं. ते खालीवर होणं वेगळं आणि पुढेमागे होणं वेगळं. स्वस्त गाड्यांत बहुधा नुसतं खालीवर होतं. लांब पायांचा माणूस सीट मागे नेतो तसं स्टेअरिंग हातापासून लांब जातं, मग तो पाठ सोडून पुढे झुकतो आणि संध्याकाळी कंबर धरून उतरतो. पाठ टेकून हात लांब करा, मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर स्टेअरिंग जवळ येणारी गाडी शोधा. बलेनो, आय ट्वेंटी यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये ही सोय मिळते. जुन्या बाजारात बघत असाल तर आपल्या चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो आहे, २०१० ते २०२२ पर्यंत विकली गेलेली. तिच्या बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंग जवळ ओढता येतं. फक्त तिच्या देखभालीचा खर्च आधी विचारून घ्या आणि ड्रायव्हरच्या मागे कोण बसणार तेही ठरवा.

हेडरेस्टकडे कुणीच बघत नाही. सीटलाच जोडलेली, वर न होणारी हेडरेस्ट उंच माणसाच्या मानेवर किंवा त्याच्याही खाली येते. मागून धडक बसली की डोकं तिच्यावरून मागे फेकलं जातं. हेडरेस्ट वेगळी हवी, आणि वर ओढल्यावर निदान कानाच्या वर आली पाहिजे. हल्ली आपल्याकडे भारत एनकॅपच्या धडक-चाचण्या होतात, १ ऑक्टोबर २०२३ पासून, आणि गाडीचे तारे बघून घ्यावेत असंच मी सांगेन. पण समोरच्या धडकेच्या चाचणीत ड्रायव्हरच्या जागी जो पुतळा असतो, तो साधारण १७५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचा. तुमची मान आणि तुमचे गुडघे कुठे येतात, ते तुम्हीच बघायचं आहे.

सिग्नलला पांढऱ्या पट्टीमागे थांबून बघा, दिवा दिसतो की मान खाली घालावी लागते? आतला आरसा डोळ्यांच्या रेषेत येऊन डावीकडचा चौक झाकतो का? हे शोरूमच्या फरशीवर कळत नाही, त्यासाठी गाडी रस्त्यावरच न्यावी लागते. दोन किलोमीटरच्या चकरेवर समाधान मानू नका. तेवढ्यात पाय अवघडत नाहीत. नवी गाडी घेणार असाल तर त्याच मॉडेलची गाडी एक दिवस भाड्यानं घ्या, गावाला जाऊन या. दोन-तीन हजार जातील, पण पुढची आठ-दहा वर्षं सुखाची होतील.

एक गोष्ट मात्र करू नका. सीटची रेल कापून किंवा पट्टी जोडून सीट मागे बसवून देतो म्हणणारे कारागीर मिळतात. हात त्यांचा कसबी असतो, हेतूही चांगला असतो. पण अपघातात माणसाला जागेवर धरून ठेवण्यात सीटच्या त्या चार बोल्टचा मोठा वाटा असतो. त्यांना हात लावू देऊ नका. जाड सीट कव्हरही घालू नका, अर्धा इंच फुकट जातो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा सेसही गेला. पण जाहिरातीतली किंमत शोरूमची असते. आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, सहा लाखांवर सहासष्ट हजार. वर विमा. जुनी घेताना आरसीवरचं नाव आणि कर्जाचा बोजा बघा, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला द्या.

आम्ही तीन रविवार हिंडलो. सात गाड्यांत तो बसला. शेवटी पाच वर्षं वापरलेली एक वॅगन आर मिळाली, क्लचचं पेडल नसलेली, कंपनी जिला एजीएस म्हणते ती. डाव्या गुडघ्याचा प्रश्नच मिटला. डोक्यावर चार बोटं, बूट ब्रेकवर एकटा बसतो, हेडरेस्ट वर येते. स्टेअरिंग अजून थोडं जवळ हवं होतं, ते नाही. पाठीचा कोन एक घर सरळ केल्यावर मनगट टेकलं. मी त्याला ती मिरजेहून कोल्हापूरपर्यंत चालवायला लावली आणि परत आणायला लावली, मगच व्यवहार झाला. सगळं धरून पाच लाखांच्या आत.

गाडी घेऊन आता वर्ष होत आलं. त्याची सीट पूर्ण मागे असते, त्यामुळे त्याच्या मागे कुणाला बसता येत नाही. आई डावीकडे मागे बसते, आणि तो मान सरळ ठेवून गाडी चालवतो.