ओळखीआधी चित्र नको



शाळेतील चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आटोपल्यानंतर ज्यांनी कुंचला पुन्हा हाती धरला नाही, किंवा ज्यांच्या वाट्याला तो कधी आलाच नाही, आणि आता नोकरीचा वा संसाराचा भार थोडा हलका होताच ज्यांच्या मनात रंगांची अभिलाषा जागी झाली आहे, अशा स्त्रीपुरुषांशी मला आज बोलावयाचे आहे. पेटी कोणती घ्यावी, कुंचले किती असावेत, याची चर्चा मी करणार नाही. ती माहिती चांगला दुकानदारही देतो. मला सांगावयाची गोष्ट एकच आहे, आणि ती ऐकताना कोणी दार उघडावयास उठले असेल तर त्यांच्यासाठी मी ती पुनःपुन्हा सांगणार आहे : नवे माध्यम हाती आले की त्याची पुरती ओळख होईपर्यंत चित्र काढू नका.

हे सांगणे पुष्कळांना निष्ठुर वाटते. परंतु जलरंगांची पेटी घरी आली की पहिल्याच रविवारी लोक मावळता सूर्य, माडांची रांग आणि खाडीतील होडी काढावयास बसतात. आकाशाचा ओला निळा रंग माडांच्या झावळ्यांत उतरतो, ओलेपणी गर्द दिसलेला तांबडा वाळल्यावर फिका पडतो, तो सावरण्यासाठी वरून आणखी एक हात दिला की खालचा रंग उखडून सगळे गढूळ होते, आणि दिवेलागणीपर्यंत, या विषयात आपल्याला गती नाही, असा निकाल त्या गृहस्थाने स्वतःविरुद्ध देऊन टाकलेला असतो. पेटी कपाटावर जाते. माझी तक्रार आहे ती या निकालाविरुद्ध. ओल्या कागदावर ओला रंग पसरणारच, जलरंग वाळल्यावर उजळणारच. तो त्या द्रव्याचा धर्म आहे, हाताचा अपराध नव्हे. जे द्रव्याच्या धर्मानुसार घडले ते आपल्या अंगच्या उणिवेमुळे घडले असे नवशिका मानतो, आणि त्याचा आत्मविश्वास खचतो तो येथे. चित्र बिघडल्याने तो तितका खचत नाही.

जन्मभर गव्हाच्या पोळ्या लाटलेल्या सुगरणीवर प्रथमच ज्वारीची भाकरी करण्याचा प्रसंग आला तर काय होते, ते आठवून पाहा. कणकेचा चिवटपणा त्या पिठात नसतो. लाटण्याखाली ते ताणले जात नाही, कडेने फाटते. त्याला गरम पाणी लागते, परातीत तळहाताने रगडून मळावे लागते, थापताना भाकरी फिरती ठेवावी लागते, तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवावा लागतो, आणि ते पाणी पुरते आटण्याच्या आत ती उलटावी लागते. तिची पहिली भाकरी परातीतून उचलतानाच मोडते. म्हणून, आपल्याला स्वयंपाक येत नाही, असे ती म्हणते काय? मुळीच नाही. घरातील वडीलधारी बाई तिला सांगते, "अगं, पानात वाढायची घाई करू नकोस, तो गोळा मोड आणि पुन्हा थाप." पानात वाढावयाची नसलेली ही जी भाकरी, तिच्यातच सारे शिक्षण आहे. आणि याच्याही पुढची एक गोष्ट आहे. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, आणि मग कसलेल्या हाताची भाकरीसुद्धा चिरते; जाणती बाई चिमूटभर पीठ भिजवून पाहते आणि दोष पिठाच्या पदरी घालते. जलरंगाच्या कागदाला कारखान्यात खळ दिलेली असते, तिच्यामुळे रंग पृष्ठभागावर थांबतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात कागद उघडा राहिला की ती खळ बिघडते, आणि टिपकागदावर पडावा तसा रंग जागोजाग शोषला जाऊन डाग उमटतात. तो विरी गेलेला कागद होय. अशा कागदावर स्वतःची परीक्षा घेऊन नापास झालेली किती माणसे आपल्या घरांतून असतील!

रवीन्द्रनाथ ठाकुरांचा दाखला या बाबतीत नेहमी दिला जातो. १८६१ साली जन्मलेल्या या कवीच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन १९३० साली पॅरिस येथे भरले, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावर; आणि एकंदर २०००हून अधिक चित्रे त्यांनी मागे ठेविली. हे ऐकून माणसाला उभारी येते, ती यावीच. परंतु या दाखल्यातील मर्म वयात नाही. चित्र काढावे अशा संकल्पाने त्यांनी कागद पुढे ओढला नव्हता. 'पूरबी'च्या कवितांच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द रेघांनी एकमेकांस जोडता जोडता त्यांतून पक्षी, श्वापदे आणि चेहरे उगवू लागले. शाईचा ओघ, तिचे वाळणे, टाकाच्या दाबाने रेघेचे जाड-बारीक होणे, यांची संगत त्यांना बालपणापासून होती. ओळख आयुष्यभराची होती आणि चित्र मागाहून आले. मी सांगतो तो क्रम हाच.

मग ओळख करावयाची कशी? तावाचे लहान तुकडे करा. एका तुकड्यावर केवळ अल्ट्रामरीन निळा पसरा आणि तो वाळेपर्यंत पाहत बसा; त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसलेले दिसतील, आणि ओल्या कुंचल्याने तो बराचसा उचलताही येईल. दुसऱ्यावर प्रशियन निळा लावा. तो धाग्यांत मुरतो आणि मागे सरावयास राजी होत नाही. दोन्ही निळेच, पण एकावर चुकीची दुरुस्ती सोपवता येते, दुसऱ्यावर येत नाही, हे चित्राच्या मध्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून करडा करा, कधी निळ्याकडे झुकणारा, कधी तपकिरीकडे. तुकड्यांच्या पाठीवर तारीख घाला. यांत चित्र कोठेही नाही, नसावेच.

घरच्या मंडळींनाही एक विनंती आहे. बाबांनी किंवा आईने असे रंगाचे पट्टे ओढलेले पाहून, "हे काय काढलंत?" असे विचारू नका. त्या प्रश्नाला उत्तर नसते, आणि उत्तर नसल्याच्या संकोचाने माणूस दुसऱ्या दिवशी माडांकडे वळतो.

ही ओळख किती मुदतीची, असे कोणी विचारील. दिवस मी सांगणार नाही, खूण सांगतो. रंग कोठवर पसरेल, वाळल्यावर किती उतरेल, हे तो पसरण्यापूर्वी तुम्हांला मनाशी सांगता येऊ लागले आणि ते बहुतांशी खरे ठरू लागले, की ओळख झाली. ज्याला आपण आत्मविश्वास म्हणतो तो याहून निराळा काही नाही; कोणी पाठ थोपटल्याने तो येत नाही. आणि माध्यम बदलले की ही ओळख आरंभापासून करावी लागते. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, तो राखून फिक्याकडून गडदाकडे जावयाचे. तैलरंगात पांढरा वरून चढविता येतो, आणि जवसाच्या तेलात खललेला तो रंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतील प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होतो. एकाची घाई दुसऱ्याला मानवत नाही. आंरी मातीससारख्या चित्रकारानेसुद्धा, १९४१ सालच्या शस्त्रक्रियेनंतर शरीर थकले तेव्हा, रंगवून घेतलेले कागद कात्रीने कापून ते टाचण्यांनी भिंतीवर लावावे, काढावे, पुन्हा हलवावे, अशी नव्याने तालीम आरंभिली. टाचणीमुळे निर्णय पुढे ढकलता येतो, हा त्या माध्यमाचा केवढा मोठा गुण, आणि त्याविषयी मला अधिक बोलावयाचे होते, परंतु घड्याळ पुढे गेले आहे.

शाडूच्या मातीविषयीही सांगावयाचे योजिले होते, तेवढे राहिलेच. इतकेच सांगतो की वाळलेल्या मातीला ओली माती नुसती धरत नाही, दोन्ही अंगांना ओरखडे काढून पाणी लावावे लागते, आणि ओली माती वाळताना आकसत असल्यामुळे जोड तेथेच तडकतो. तेव्हा मूर्तीला हात घालण्यापूर्वी दोन बिनकामाचे गोळे जोडून, वाळवून पाहा, आणि काम अर्धे सोडून उठताना त्यावर ओले फडके घालून ठेवा.