पारा उतरतो तेव्हा



कामगार चळवळीतल्या माणसाने हवेच्या दाबावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण या विद्येचा उगम मेहनतीच्या कामातच आहे. पंपाने ओढलेले पाणी सुमारे चौतीस फुटांवर चढत नाही, हे इटलीतल्या पंप चालविणाऱ्यांना ठाऊक होते; कारण ठाऊक नव्हते. ते १६४३-४४ च्या सुमारास टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीने दाखविले. पंप पाणी ओढत नाही. बाहेरची हवा ते वर ढकलते. हवेला वजन आहे! दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो.

आता हवामान पाहा. जमीन तापली की वरची हवा हलकी होते, दाब घटतो. भोवतालची जड हवा तिकडे धावते, तोच वारा. मध्यावर जमलेली हवा वर चढते, चढता चढता निवते, आणि तिच्यातील बाष्पाचे ढग होतात. म्हणून पारा उतरला की आभाळ भरून येते, चढला की बहुधा निवळते. उन्हाळ्यात राजस्थान-सिंधची भूमी तापून दाब उतरतो, तेव्हाच समुद्रावरची ओली हवा आपल्याकडे वळते. समुद्रावर दाब फारच खाली गेला, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे धावती हवा गरगर वळसे घेते. तेच चक्रीवादळ.

मग हे ज्ञान कोणाच्या कामाचे? १८५९ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर 'रॉयल चार्टर' जहाज वादळात फुटले. चारशेंवर माणसे बुडाली. तेव्हा इंग्लंडच्या हवामान खात्याचे प्रमुख फिट्झरॉय यांनी ठिकठिकाणचा दाब तारेने मागवून १८६१ पासून बंदरांवर वादळाच्या खुणा चढविल्या. गरीब कोळ्यांच्या गावांना वायुभारमापक मिळावेत म्हणूनही ते झटले. त्यांच्या मृत्यूनंतर विद्वानांच्या समितीने ठरविले, की या इशाऱ्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही. १८६६ मध्ये ते बंद झाले. पण दर्यावर्दी लोकांनी ओरड केली, आणि पुढल्याच वर्षी खुणा पुन्हा चढल्या. ज्याचा जीव टांगलेला, त्याला इशाऱ्याची किंमत अधिक कळते.

आपल्याकडचे पाहा. मे २०२१ मध्ये अरबी समुद्रात 'तौक्ते' वादळ झाले. एरवी समुद्रसपाटीला दाब असतो सुमारे १०१३ मिलिबार. वादळाच्या मध्यावर तो ९५० पर्यंत उतरल्याचा अंदाज आहे. इशारा काही दिवस आधी दिलेला होता. तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा कामगारांच्या राहण्याचा तराफा समुद्रातच राहिला, नांगर तुटले, आणि १७ मे रोजी तो बुडाला. २६१ जणांपैकी १८६ जणांना नौदलाने व इतरांनी वाचविले. बाकीच्यांची घरे उजाड झाली.

पारा वेळेवर उतरला होता. शास्त्र चुकले नव्हते. इशारा वाचणारा एक, काम थांबविण्याचा हुकूम देणारा दुसरा आणि लाटांत उभा राहणारा तिसरा, अशी वाटणी जोवर आहे, तोवर चांगले यंत्रही अपुरेच पडेल. म्हणून माझी मागणी साधी आहे: वादळाची खूण चढली की काम सोडून किनाऱ्याला येण्याचा हक्क कामगाराला असावा, आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये.