पान पिवळं पडलं, तर आधी बुंध्याशी बसा
(धायरीतील गटांच्या मासिक बैठकीत केलेले बोलणे)

ताईंनो, पावसाळ्यात आपण दारात झाडं लावली. कुणी लिंबू, कुणी कढीपत्ता, कुणी बचतीतून आणलेलं आंब्याचं कलम. आता दिवाळी झाली, आणि बैठकीत एकच प्रश्न येतोय, "पानं पिवळी पडलीत, काय घालू?" माझं उत्तर ऐकून काहीजणी हिरमुसतात. मी म्हणते, अजून काहीच घालू नका. खुरपं घ्या आणि बुंध्याशी बसा.

आधी माती बघा. वरची माती फसवते. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून चार बोटं खोल उकरा. हाताला चिखल लागला तर पाणी जास्त झालंय, आंबूस वास आला तर मुळं कुजायला लागलीत. पाणी जास्त झालेलं झाडही सुकल्यासारखीच मान टाकतं, कारण कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत. आपण कळवळतो आणि आणखी एक बादली ओततो! आपल्याकडे बऱ्याच जणींची घरं मुरमावर, भरावावर आहेत. कडक मुरमातला खड्डा म्हणजे पातेलंच, पाणी खाली जातच नाही. तिथे माती सुकेपर्यंत पाणी बंद ठेवा, आळ्याला एका बाजूने चर काढा. माती कोरडी निघाली तर मात्र पाणी द्या. पण रोज तांब्याभर नको, तीन-चार दिवसांनी बादलीभर, सावकाश मुरू द्या.

मग खोड. खोड मातीत शिरतं तिथे थोडं रुंद व्हायला हवं. खांबासारखं सरळ आत गेलं असेल तर झाड खोल लागलंय, वरची माती हलकेच ओढून घ्या. कलमाचा सांधा मातीच्या वरच हवा, आणि सांध्याखालून फुटवा आला तर काढून टाका, तो आपला आंबा नव्हे. आधाराच्या काठीची सुतळी सालीत रुतली का, तेही बघा. सैल बांधा.

आता पान. जुनी, खालची पानं आधी पिवळी झाली तर अन्न कमी पडतंय, शेणखत द्या. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोह मिळत नाही. बांधकामाचा राडारोडा, सिमेंट खड्ड्यात असलं की असं होतं. तुकडे वेचून काढा, शेणखत मिसळा. युरियाने हे जात नाही. युरियात 46 टक्के नत्र असतं. कोरड्या मातीत मूठभर टाकला तर कोवळी मुळं करपतात.

झाड गेलंच असं वाटलं तरी उपटायची घाई नको. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवी, ओली असेल तर जीव आहे. तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली खरवडत या आणि तिथून छाटा.

पुढच्या बैठकीला पिवळं पान आणाल, तेव्हा ते शेंड्याचं की खालचं, आणि शेवटचं पाणी कधी दिलं, हे आठवून या.