घरच्या अंगणातील मोगरा



देवपूजेच्या तबकात घरच्या अंगणातील चार फुले असावीत, ही गृहस्थाची साधी इच्छा असते. त्या इच्छेने मोगरा लावला जातो. झाड वाढते, पालवते; परंतु फुलत नाही. मग ते वांझ ठरवून उपटले जाते. वस्तुतः दोष बहुधा झाडाचा नसतो. त्याचा स्वभाव जाणून न घेतल्याचा तो परिणाम होय.

भरगच्च पाकळ्यांचा मोगरा सहसा बी धरीत नाही. त्याचा वंश फांदीने चालतो; म्हणून एका घरचा मोगरा दुसऱ्या घरून आलेला असतो. रामनगरात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. काळी नदीवरील सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात जुने सुपे गाव बुडाले आणि विस्थापित झालेल्या अनेक कुटुंबांनी रामनगरात नव्याने संसार मांडले. बुडालेले अंगण परत मिळत नाही. परंतु शेजाऱ्याने दिलेल्या वीतभर फांदीने नवे अंगण सुगंधित होऊ शकते.

ही फांदी फार कोवळी नसावी, फार जून नसावी. तीन-चार पेरांची फांदी पावसाळ्याच्या आरंभी घ्यावी, खालची दोन पेरे मातीत पुरावी आणि मुळे धरेपर्यंत ती सावलीत ठेवावी. पुढे मात्र झाडास दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. सावलीतला मोगरा पानांनीच भरतो.

रामनगरची भूमी जांभ्याची आणि पाऊस घाटातला, मुसळधार. मुळाशी पाणी साचले की मोगरा कुजतो. यास्तव दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा माती, कुजलेले शेणखत आणि वाळू यांनी भरावा व झाडाचे बूड आजूबाजूच्या जमिनीहून वीतभर उंच ठेवावे.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्यावर येते. देवाच्या झाडाला कोयता कसा लावावा, या संकोचाने पुष्कळ जण छाटणी टाळतात, आणि तेथेच फूल हरवते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून काही दिवस पाणी तोडावे, नंतर वाळक्या व दुबळ्या फांद्या काढून झाड जमिनीपासून दीड फुटावर छाटावे. मग शेणखत घालून पाणी सुरू करावे. नवी पालवी फुटते आणि उन्हाळाभर, पाऊस लागेपर्यंत, कळ्या येत राहतात. अळीने पोखरलेल्या कळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्या.

एवढ्याशा झाडाचे मोल थोडे नाही. याच जिल्ह्यातील भटकळची मल्लिगे प्रसिद्ध आहे. उडुपीजवळील शंकरपुराच्या परिसरात तर परसातल्या मल्लिगेवर कित्येक घरांना मिळकत होते. उडुपी मल्लिगेस भौगोलिक उपदर्शनही लाभले आहे.

मोगऱ्याची कळी सायंकाळी उमलते. टपोरी, पांढरी झालेली कळी त्यापूर्वी खुडली तर सांजपूजेच्या वेळी देवापुढे दरवळते. ज्याच्या दारी असा मोगरा बहरला, त्याने पुढल्या पावसाळ्यात गावात नव्याने आलेल्या घरी एक फांदी अवश्य पोचवावी. त्याच्याही दारी मोगरा असाच कोणाच्या तरी हातून आलेला असतो.